मोरागबाईंच्या गाण्यातील ‘काय’

येत्या रविवारी मराठी मंडळात आपले व्याख्यान असून त्यासाठी लागणारा पुरावा अद्याप आपल्या हाती नाही, ही गोष्ट लीड्सच्या डॉ. शशिधर यांच्या ध्यानात गुरुवारी सकाळी दाढी करताना आली. विषय तर पत्रकावर छापून गेला होता : ‘एका स्कॉटिश विनोदी लोकगीताचे मराठी मूळ’.

हे गीत शशिधरांच्या घरी आणले होते ते मोरागबाईंनी, आपल्या आजोबांकडून ऐकून. शशिधर व त्यांची पत्नी सुनीती ही दोघेही इस्पितळात डॉक्टर. त्यामुळे त्यांच्या चार वर्षांच्या लेकीला, मीनलला, शेजारच्या या वृद्ध स्कॉटिश बाई तान्हेपणापासून सांभाळीत आल्या होत्या. एक शेतकरी हरवलेली जनावरे गावभर शोधतो आणि अखेरीस ती त्याच्याच स्वयंपाकघरात लापशी खाताना सापडतात, असे ते गाणे. त्याचे ध्रुपद होते, ‘काय, काय, माय काय!’

“‘माय’ मराठी, ‘काय’ मराठी! पुण्याच्या छावणीतल्या एखाद्या स्कॉटिश सोल्जरनं नेलं असणार,” शशिधर म्हणाले.

“अहो, पण मोरागला विचारलंत का एकदा?”

“आधी थिअरी असते, सुनीती. सोर्सला शेवटी विचारायचं.”

“मला तुमच्या पेशंट्सची काळजी वाटते हो.”

त्याच संध्याकाळी शशिधर टेपरेकॉर्डर घेऊन शेजारी गेले व त्यांनी इंग्रजीत आपली थिअरी ऐकवली. मोरागबाई पोट धरून हसल्या.

“अरे डॉक्टर, ‘काय’ म्हणजे गायी! आमच्या गावाकडच्या बोलीत.”

“आणि ‘माय’?” शशिधरांनी क्षीण स्वरात विचारले.

“‘माय’ म्हणजे माझ्या. एवढं इंग्रजी येतं ना तुला?”

शशिधरांच्या डोळ्यांपुढे साठ श्रोते उभे राहिले आणि त्यांत पहिल्या रांगेत विष्णुपंत. हे निवृत्त सर्जन एकाही वक्त्याला टाके न घालता घरी सोडीत नसत.

“निदान तुमच्या आजोबांनी तरी गाणं असंच म्हटलं होतं ना?”

“छे! आजोबांच्या गाण्यात डुकरं होती. पण तुझी मीनल प्रत्येक ओळीला विचारायची, ‘काय? काय?’ मला वाटलं, पोरीला गायी हव्यात. मग काढली डुकरं आणि घातल्या गायी.”

ज्या शब्दासाठी त्यांनी पुण्याची छावणी पालथी घातली होती, तो त्यांच्याच लेकीच्या तोंडून निघाला होता. आणि ती ‘काय? काय?’ विचारीत होती तेव्हा आपण उभयता कुठल्या वॉर्डात होतो, हेही त्यांना आठवेना.

रविवारी त्यांनी मोरागबाईंना मानाने पहिल्या रांगेत बसविले आणि सारा वृत्तांत प्रांजळपणे कथन केला. विष्णुपंत तत्काळ उठले.

“ते सगळं ठीक आहे, डॉक्टर, पण पुरावा काय?”

मराठीचा गंध नसलेल्या मोरागबाईंना त्यातला एकच शब्द कळला. आपल्याला फर्माईश झाली असे समजून त्या उभ्या राहिल्या व खड्या आवाजात त्यांनी अख्खे गाणे म्हटले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“हे काय!” विष्णुपंत उद्गारले. बाईंनी दुसऱ्यांदा म्हटले. या खेपेस मीनलसह सारे सभागृह ध्रुपद धरीत होते आणि विष्णुपंत ताल.

शेवटी आभाराची वेळ आली. शशिधरांनी हात जोडले. एवढ्या वर्षांचे सारे त्यांना एकदम आठवले.

“मोरागबाई,” ते सद्गदित होऊन म्हणाले, “तुमच्याविषयी मी काय बोलू?”

बाई पुन्हा उभ्या राहिल्या.