जॉर्ज टाउनातले पाय

हे सगळं खरं आहे, शब्दन् शब्द खरा. कुलदैवताची शपथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर खुशाल चेन्नईच्या जॉर्ज टाउनात जाऊन तो जिना चढून या.

राघोत्तमरावांची नऊ वर्षांची नात शरण्या सहा महिने घरात टाचा न टेकता हिंडत होती. तिला बॅले शिकायचं होतं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस रविवार. तो चुकला की वर्ष गेलं. सून जयंती म्हणाली, मी बघून येते. पण राघोत्तमराव छत्तीस वर्षं हेडमास्तर. शाळा पारखावी तर आपणच, असं म्हणून ते नातीला घेऊन निघाले.

नुंगंबाक्कमच्या शाळेत पायांचा धपधप आवाज खाली रस्त्यापर्यंत येत होता. राघोत्तमराव खूश. नाच कसा, चार घरांना ऐकू गेला पाहिजे, हे त्यांचं तंजावरपासूनचं मत. शरण्या मात्र दारातूनच मागं फिरली, आजोबांना म्हणाली, "ताता, हे नाचत नाहीत. नारळ पडल्यासारखे पडतात."

मग जॉर्ज टाउन. रविवारची दुपार, गोदामांना कुलपं, गल्लीत सुक्या मिरच्यांचा वास आणि चिटपाखरू नाही. वरच्या मजल्यावरून पियानो ऐकू येत होता, पण पाय एकाचाही वाजत नव्हता. चपला काढून त्यांनी आत डोकावलं. खिडक्या बंद. पांढऱ्या कपड्यांतल्या बारा मुली उंच उडत होत्या, खाली येत होत्या, आणि आवाज म्हणून नाही. कोपऱ्यात म्हातारा नारायणस्वामी पियानोवर वाकलेला. मधोमध रंजनी मिस, अंगात रक्त नसल्यासारखी पांढरीफटक. शरण्या आजोबांचा हात सोडून सरळ आत गेली.

राघोत्तमरावांची नजर खाली वळली आणि घात झाला. इतरांच्या घरी भूत एकाच जातीचं असतं. तंजावरी मराठ्यांकडे दोन, एक मराठी, एक तमिळ. घरची आजी सांगायची, भुताचे पाय उलटे. शेजारची पाटी, म्हणजे तमिळ आजी, सांगायची, पेईचे, म्हणजे त्यांच्याकडच्या भुताचे, पाय जमिनीला लागत नाहीत. इथं मुलींचे पाय निम्मे उलटे झालेले, बाकीचे व्हायच्या बेतात. आणि रंजनी मिसचा जमिनीला लागत होता तो एक अंगठा.

दोन्ही भाषांतली लक्षणं एकाच खोलीत!

खिशात सकाळच्या देवळातलं लिंबू होतं. त्यांनी ते हळूच आत सोडलं. लिंबू घरंगळत पार पलीकडच्या भिंतीला टेकलं. वाटेत बाराही मुली त्यावरून गेल्या, एकीचाही पाय लागला नाही.

राघोत्तमराव चपला तिथंच टाकून जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, किती जण? तेव्हा त्यांना आठवलं, शरण्या वर राहिली.

ते वीस जिने नव्हते, वीस पायऱ्याच होत्या, पण चढायला त्यांना जन्म लागला. भीमरूपी म्हणायला घेतली तर शब्द सुचेनात. सगळे तमिळमध्ये येऊ लागले. वर शरण्या रांगेत उभी होती. चेहरा पांढुरका, टाचा जुळलेल्या, चवडे दोन दिशांना.

"ताता, बघा ना," ती म्हणाली. "माझेपण वळले."

"चल घरी. कुणाकडे बघू नको."

"मी नाही येणार. मला इथंच राहायचंय."

राघोत्तमरावांनी तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात रंजनी मिस पाय न वाजवता शेजारी येऊन उभी राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, असे पाय शिकवून येत नाहीत, दहा वर्षांत एकही मुलगी अशी आली नव्हती. कुणाकडून आले हे?

उत्तराची वाट न बघता तिनं खाली पाहिलं. बाराही मुलींनी पाहिलं. शरण्यानं पाहिलं. राघोत्तमरावांचा उजवा चवडा एका भिंतीकडे वळलेला, डावा दुसऱ्या. अडुसष्ट वर्षं ते तसेच उभे राहत आले होते.

रांगेतली सगळ्यात लहान मुलगी हळूच दोन पावलं मागं सरकली.

फॉर्म त्यांनी तिथंच भरला. घरी जयंतीला सांगितलं, सगळं पारखून घेतलं, शिस्त उत्तम, एक आवाज नाही.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट मी मनची घातली. तो नारायणस्वामी. ऐकणाऱ्याला जरा धीर वाटावा म्हणून बसवला त्याला तिथं. पियानो वाजत होता, हे खरं. स्टुलावर कुणी नव्हतं.