दुसऱ्या रिंगला कट

आमच्या शेजारचे गायधनी सर लसूणही खात नसत, पण दर आठवड्याला घोटीच्या बाजारातून जिवंत खेकडे आणत.

"मास्तर, रस्सा लय झणझणीत करत असाल," खेकडेवाली म्हणे.

"नाही हो. मी नुसत्या नसा बघतो."

यावर ती बिचारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी सातपूरला कारखान्यात वायरमन. त्यांच्या यंत्रात घरघर आली की अर्थिंग तपासायला मला प्रयोगशाळेत नेत. खेकड्याला बर्फात बधिर करताना सर त्याला "माफ कर हं" म्हणत, तेही अगदी मनापासून.

खेकड्याच्या जठरापाशी मज्जापेशींची बारीकशी गाठ असते. त्यातल्या काही पेशी एकमेकींना थेट जोडलेल्या. वीज इकडून तिकडे जाते, तिकडून इकडेही येते.

"म्हणजे आमची वायरच की," मी म्हणालो.

"तुमचा जोड एकदा केला की झाला, बोरसे. हा जिवंत जोड आहे. बघा!"

त्यांनी जोड सैल करणाऱ्या औषधाचा थेंब टाकला. पडद्यावर दोन पेशींच्या विजेच्या रेघा जोडीने उसळत होत्या, त्यातली दुसरी खाली बसली. औषध धुतलं, ती परत उसळली. पन्नाशीचा माणूस टाळ्या पिटत होता. मला तर हा माणूस तिथेच आवडून गेला.

सरांचा दुसरा प्रयोग मोबाइल आल्यावर सुरू झाला. आईच्या आजारपणात ते सटाण्याच्या धाकट्या भावाला काहीतरी लागेल असं बोलले होते. तेव्हापासून आठ वर्षं तो त्यांच्याशी बोलत नव्हता. सर रोज सहाला त्याला फोन लावत. दुसऱ्या रिंगला तो कट करी, आणि सर खूश.

"कट करतो म्हणजे ठीक आहे तो!"

"वापरून वापरून जोड घट्ट होतो ना, सर?"

"कधी घट्ट होतो, कधी सैलही होतो. सांगता येत नाही."

एकदा रिंग पूर्ण वाजली. कट झालीच नाही. पुन्हा लावली, तेच. सर चपला न घालताच जिना उतरले. "बोरसे, सटाण्याची गाडी आता मिळेल का हो?"

मी स्कूटर काढतोय तोच त्यांच्या हातातला फोन वाजला. भावाचा. सरांना घाईत बटण सापडेना; मीच ते दाबलं आणि स्पीकर लावला.

"दादा, फोन घरी ठेवून मळ्यात गेलो होतो. तू घाबरला असशील म्हणून लावला."

सर जिन्याच्या पायरीवर बसले. "आईच्या उशाशी मी तुला जे बोललो ना... चुकलं रे माझं."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

पण त्याने कट केलं नाही.