बंपर झाला की निघू

गाडी ही चालवण्यासाठी असते, असा एक गैरसमज अर्धवट शिकलेल्या लोकांत आढळतो. विचारी माणसाला ठाऊक असतं की गाडी ही मुळात तयारीसाठी असते. चालणारी गाडी झिजते, मळते, पंक्चर होते. तयार होत असलेली गाडी मात्र दिवसेंदिवस सुधारतच जाते. याच पायावर उभ्या असलेल्या 'आडवाट मंडळा'चा मी कार्यवाह आहे. (कार्यवाहाकडे स्वतःची गाडी असलीच पाहिजे अशी अट नाही. अक्षर मात्र बरं लागतं.)

मंडळाकडे चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या एकूण एकोणीस गाड्या आहेत. पैकी नदीत बुडाल्यावरही इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून टपापर्यंत नळी काढलेल्या, सात. चिखलात रुतल्यास स्वतःला ओढून काढणारं यंत्र बसवलेल्या, अकरा. प्रत्यक्ष चिखल पाहिलेल्या, एकही नाही. मंडळाच्या शिस्तीचा याहून वेगळा पुरावा नको. दर रविवारी या गाड्या मोठ्या दुकानाच्या डांबरी वाहनतळावर रांगेत उभ्या राहतात. सदस्य एकमेकांच्या टायरांना हलकेच लाथ मारतात, गंभीरपणे मान हलवतात आणि जेवायला घरी जातात.

माझे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, या मंडळाचे जुने सदस्य. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतात. माणूस सज्जन, पण पेशामुळे कुठलीही गोष्ट घडायच्या आधी तिचं नुकसान त्यांना दिसतं. त्यांच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो. त्यामागे तळं आहे म्हणतात, आणि वाट सगळी दगडगोट्यांची. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी लेकीला कडेवर घेऊन तो डोंगर दाखवला होता आणि शब्द दिला होता, आपण दोघं गाडीने त्याच्या पलीकडे जायचं. आता ती लेक, माझी भाची, वडिलांपेक्षा दोन बोटं उंच झाली आहे. महिनाअखेरीस ती शिकायला दुसऱ्या शहरात जायची होती. एकदा जेवताना तिने सरळच विचारलं, "बाबा, मी जायच्या आधी ते तळं होईल का?"

भावजींनी भाताचा घास नीट चावून गिळला आणि म्हणाले, "बंपर झाला की निघू."

इथे बंपरविषयी खुलासा आवश्यक आहे. कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा बंपर मंडळात बाळबोध समजला जातो. विकत आणलेला लोखंडी बंपर त्याहून वाईट. पैसे देऊन आणलेलं शौर्य ते. खरा बंपर सदस्याने स्वहस्ते जोडलेला असावा असा ठराव आहे. तो झाल्याशिवाय आडवाटेवर जाऊ नये असाही आहे. सध्या मंडळातल्या सर्वांचे बंपर प्रगतिपथावर आहेत. भावजींनी जुना बंपर काढून भंगारात दिला, म्हणजे परतीचे दोर कापले, आणि वेल्डिंग शिकायला घेतलं.

शिकवायला मंडळाचे तांत्रिक सल्लागार आले. ते व्यवसायाने दाताचे डॉक्टर आहेत. त्यांच्या मते दोन्ही कामं एकच: आधी पोकळी घासून स्वच्छ करायची, मग भरायची, मग खडबडीत राहिलं असेल ते फिरत्या चाकाने घासायचं. (दोन्ही ठिकाणी आवाज तोच येतो, हे मी नमूद केलं आहे.) पहिल्या ठिणगीआधी त्यांनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवून सवयीने सांगितलं की थोडं दुखेल.

दुखलंच. डॉक्टरांनी स्वतः मास्क घातला होता. भावजींनी हातात धरायचा मास्क हातातच धरला होता, पण गुडघ्याजवळ. जेवणं होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांत कुणीतरी मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं आणि ते बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून आडवे झाले. ताई म्हणाली, नमनालाच घडाभर तेल. मी त्याची नोंद 'प्राथमिक प्रगती' अशी केली.

वेल्डिंगमधली मेख अशी की रॉडचं टोक लोखंडाला टेकवून लगेच किंचित उचलायचं असतं, म्हणजे जाळ धरतो. उचलायला उशीर झाला की रॉड तिथेच चिकटून बसतो. आता लगेच उचलणं हे भावजींच्या रक्तात नाही. ते टेकवत, विचार करत आणि मग उचलायला जात. पहिल्या पाकिटातल्या सगळ्या रॉडांचा मिळून एक साळिंदर तयार झालं. डॉक्टर म्हणाले, हिरडी मजबूत आहे.

तरीही चिकाटी ही चीज मोठी. रॉड चिकटत होते तसे भावजीही कामाला चिकटले, आणि पहिला बंपर तयार झाला. सगळे जोड त्यांनी वरच्याच बाजूने मारले होते. तापलेलं लोखंड निवताना जोडाच्या बाजूला आक्रसतं, हे नंतर कळलं. त्यामुळे दोन्ही टोकं वर उचलली गेली आणि बंपर हसू लागला. गाडीला लावून पाहिला तर गाडी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून दात काढायची. अपघाताच्या वेळी समोरच्याचा गैरसमज होईल म्हणून तो बाद झाला. दुसरा बंपर खालच्या बाजूने जोडला. तो रडका निघाला. तो लावल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मधल्या काळात भाचीने तीनदा विचारलं आणि तिला तीनदा तेच उत्तर मिळालं. चौथ्यांदा तिने विचारलं नाही, बॅग भरायला काढली. भावजींनी ते पाहिलं. त्या दिवशी पठ्ठ्या तडक शेडमध्ये गेला आणि तिसऱ्या बंपरला असा भिडला की विचार करायचं विसरला. त्यामुळे जाळ झकास धरला. जोड इतके सुंदर आले की डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा लावला. बंपर सरळ होता, भक्कम होता, ना हसत होता ना रडत होता.

फक्त तो टेबलाला जोडला गेला होता.

टेबल ताईचं, इस्त्रीचं, चार पायांचं, अस्सल लोखंडी. भावजींनी ते तात्पुरतं घेतलं होतं. बंपर त्यावर आडवा ठेवून जोडताना खालचा पत्राही सोबत शिवला गेला, आणि आयुष्यातला त्यांचा सर्वांत पक्का जोड तो तिथेच बसला. घणाचे घाव घातले. घणाचा दांडा तुटला. ताईने दोन दिवस वाट पाहिली आणि मग शेडमध्ये जाऊन बंपरवर इस्त्री करू लागली.

प्रकरण मंडळाच्या तातडीच्या बैठकीपुढे गेलं. कापून काढावा असा एक क्षुद्र विचार पुढे आला, पण इतका चांगला जोड कापणं म्हणजे निरोगी दात उपटणं होय, असं डॉक्टरांनी भावनावश होऊन सांगितलं. सबब, टेबल हा बंपरचाच भाग मानावा असं एकमताने ठरलं. सहा सदस्यांनी उचलून तो गाडीच्या नाकावर चढवला आणि चार बोल्टांनी आवळला. वजनाने गाडीचं नाक खाली गेलं, जात जात टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकले आणि गाडी थांबली. आता तिला चार चाकं आणि चार पाय होते. इतकी स्थिर गाडी मंडळाच्या इतिहासात झाली नव्हती. कुणाला ढकलून हलवता येईना. वर्षाचा 'सर्वांत सज्ज वाहन' हा मान तिला तिथल्या तिथे देण्यात आला आणि तिघांनी आपापल्या घरची टेबलं मोजायला माणूस पाठवला.

टाळ्या वाजत असताना भाची घरातून बाहेर आली. तिच्या हातात पाना होता. ती सरळ गाडीखाली सरकली. एक बोल्ट, दुसरा, तिसरा. चौथा निघताच बंपर टेबलासकट धाडकन पुढे कलंडला आणि गाडीने वर्षानुवर्षांचा भार उतरल्यासारखं नाक वर केलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा, बस," भाची म्हणाली.

"अगं, पण पुढे काहीच नाही आता."

"म्हणूनच बस."

आणि भावजी बसले हो! इतिवृत्त लिहिणं हे माझं कर्तव्यच, म्हणून मीही मागे चढलो. डांबर संपलं तिथे भावजींनी चारही चाकांचा दांडा ओढला. त्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं, ते त्यांच्या हातात आलं. मग जे सुरू झालं त्याला सरकारी भाषेत शब्द नाही. गाडी उडत होती, आम्ही टपाला डोकी आपटत होतो, भाची किंचाळत होती आणि अपघातांचे दावे तपासणारा हा गृहस्थ "धरा रे, धरा!" म्हणत खदखदा हसत होता. उजवा दिवा एका दगडाने फोडला. भावजींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही.

तळं लागलं. तळं कसलं, मोठंसं डबकं होतं, काठावर दोन बगळे. बापलेक चिखलात पाय सोडून बसले. भाचीने घड्याळ पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "पाऊण तास लागला, बाबा. फक्त पाऊण तास."

भावजींचं हसू तिथेच थांबलं. कडेवरची पोर कधी एवढी झाली हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी वेल्डिंगचा संबंध नव्हता. रविवारी पुन्हा येऊ, ते घाईघाईने म्हणाले, दर रविवारी येऊ.

"शनिवारी माझी गाडी आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

शनिवारी ती गेली. रविवारी मंडळाने भावजींना काढून टाकलं. आरोपपत्र मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं: अपूर्ण वाहन हेतुपुरस्सर आडवाटेवर नेणे, दिवा फोडणे, आणि वाहनतळावर खराखुरा चिखल आणून इतर सदस्यांच्या भावना दुखावणे. भावजींनी सही केली आणि एकटेच डोंगराकडे निघून गेले.

त्यामुळे मंडळात एक जागा रिकामी झाली होती. अर्ज मागवण्याची गरज पडली नाही. गाडी असण्याची अट आम्ही शिथिल केली आहे. घरातल्या कुणीतरी काहीतरी मागितलं, ते करायला जेमतेम पाऊण तास लागला असता आणि तुम्ही त्याला 'जरा हे एक झालं की' असं सांगितलं, एवढी पात्रता पुरे. तुम्ही भावजींना हसत इथवर आलात तेवढ्यात तुमचं नाव मी यादीत घातलं आहे. रविवारी वाहनतळावर या. घाई नाही, तुमचं ते काय चाललंय ते आधी होऊ द्या.