पिंपळापुरे काकांचा प्रस्तावित पायपूल

जागरूक नागरिक हा लोकशाहीचा कणा असतो. आमच्या काउंटीत हा कणा सभागृहाच्या दुसऱ्या रांगेत, कानटोपी घालून बसायचा.

पिंपळापुरे काका नागपूरच्या नगररचना कार्यालयातून निवृत्त झालेले आरेखक. मुलगा अमेरिकेत, बेलव्ह्यूत नोकरीला, पण घर शहराच्या हद्दीबाहेर, म्हणून तिथला कारभार काउंटीकडे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. २००४च्या आसपास काउंटीने पुढच्या वीस वर्षांत घरं कुठे, शेतं कुठे, रस्ते कुठे याचा आराखडा काढला आणि जाडजूड मसुदा लोकांसाठी लायब्ररीत ठेवला. लायब्ररीतल्या बाईंच्या मते तो पूर्ण वाचणारे दोघेच: काका, आणि ज्याने टाइप केला तो. दुसऱ्याबद्दल त्यांना खात्री नव्हती.

काकांचा लाडका शब्द ‘हरकत’. सुनेने सोफा हलवला की म्हणायचे, “माझी हरकत नोंदवून ठेव.”

“नोंदवली, बाबा. आता पाय वर घ्या, व्हॅक्यूम करायचाय.”

मसुद्यावरची हरकत मात्र त्यांनी रीतसर लिहिली. ‘अत्यंत नम्रतापूर्वक विनंती’पासून सुरुवात, तीन प्रती. काउंटीच्या ऑफिसातल्या मुलीने विचारलं, तीन कशाला? काका म्हणाले, एक तुम्हाला, एक फाइलला, आणि तिसरीवर पोच द्या. पोच म्हणजे काय ते तिला कळेना. शेवटी तिने तिसऱ्या प्रतीवर एक हसरा चेहरा काढून दिला. काकांनी तो फाइलला लावला.

जाहीर सुनावणीच्या दिवशी मुलगा टूरवर होता, म्हणून शेजारचा मी त्यांना ड्राइव्ह करून नेलं.

“काका, हरकत कशावर आहे नेमकी?”

“काय बाप्पा, तुम्ही आयटीवाले! नकाशा न पाहता घरं घेऊन राहिले. आपल्या वसाहतीमागे ओढा आहे. पलीकडे दुसरी वसाहत. मधे पायवाट नाही. दगड मारला तर पोचतो, माणूस जायचा तर हायवेवरून चार मैल. याला नियोजन म्हणतात का?”

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा आणि वेळ संपली की लाल असे दिवे. काकांच्या आधी एका बिल्डरचा वकील ‘भावी पिढ्यां’बद्दल बोलला, त्याच्या अशिलाला शेतावर दुकानं बांधायची होती. मग काका उठले. सार्वजनिक हित, पादचाऱ्यांचे हक्क, सगळं त्यांनी पिवळ्या दिव्यापर्यंत आणलं.

काउंटीच्या नियोजन आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. “मिस्टर पिंपळापुरे, ही पायवाट साधारण किती लोक वापरतील?”

काकांनी फाइल उलटसुलट चाळली. मग मिटली.

“सध्या दोन,” ते म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं.

“मी आणि मिस्टर करंदीकर. ते पलीकडे राहतात. ड्राइव्ह दोघांनाही येत नाही. मुलं शनिवारी नेतात, जमलं तर. एरवी आम्ही चार वाजता आपापल्या घरामागच्या डेकवर येतो. आणि हात हलवतो.”

माझ्या घरातून त्यांचा डेक दिसतो. काकांना रोज चारच्या सुमाराला हात हलवताना पाहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असेल, असं मी समजत होतो.

लाल दिवा लागला. अध्यक्षबाई तरी लिहूनच घेत होत्या.

नियोजन आयोगाने शिफारस केली, काउंटीच्या मंडळाने ठराव करून आराखडा मंजूर केला. अंतिम नकाशात ओढ्यावर एक तुटक रेघ आली. खाली लिहिलं होतं, ‘प्रस्तावित पायपूल’. काकांनी लगेच करंदीकरांना फोन लावला. करंदीकर पुण्याचे.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “रेघेवरून येऊ, का पूल होईपर्यंत थांबू?”

“थांबा,” काका म्हणाले. “मंजूर आहे.”

आराखड्याची अंमलबजावणी होते की नाही, याचा काउंटी दरवर्षी आढावा घेते. पहिल्या वर्षी पायपुलापुढे ‘काम वेळापत्रकानुसार’ असा शेरा होता. वेळापत्रकात पायपुलाचं काम विसाव्या वर्षी होतं. त्या पहिल्या आढाव्याच्या वेळी काका शहात्तर वर्षांचे होते, करंदीकर एक्क्याऐंशी.