रविवारच्या सुट्टीच्या पुढारी

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी दारावरची बेल वाजली. "कोण?" म्हणून मी आतून ओरडले, तर बाहेरून खणखणीत उत्तर आलं, "निर्मला भाऊराव गजभिये!"

मला वाटलं, निवडणुकीला कोणीतरी उभं राहिलंय. दार उघडलं तर त्या धुण्याभांड्याच्या कामासाठी आलेल्या. "हो का? ये गं बाई," मी म्हटलं. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "नाव सांगितलं ना मॅडम आता? मंग बाई काहून म्हनता?" आमच्या धरमपेठेत कोणी मला असं सुनावलं नव्हतं. मी मुकाट्याने "या, निर्मलाताई" म्हटलं, तेव्हा कुठे चपला काढून त्या आत आल्या.

निर्मलाताई आमच्या भागातल्या घरकाम करणाऱ्या बायांच्या पुढारी. दुपारी दोन ते अडीच, म्हणजे सकाळची कामं संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या आत, बागेतल्या लिंबाखाली त्यांची सभा भरते. आधी प्रत्येकीने उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी एका आवाजात "आहे!" म्हणायचं, हा तिथला नियम.

एकदा मीही जाऊन बसले. एक नवीन बाई उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "डॉक्टरांच्या घरची."

"डॉक्टर तुझा नवरा हाय काय वं?" निर्मलाताईंनी विचारलं. सगळ्या खो खो हसल्या. ती बिचारी लाजून चूर झाली, मग पदराआडून पुटपुटली, "वच्छला." तीन वेळा म्हणवून घेतलं तेव्हा आवाज फाटकापर्यंत गेला. "आहे!" असा गजर झाला आणि त्या बाईचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू?

निर्मलाताईंचं स्वतःचं भाषण मात्र पाच मिनिटांचं. "भाषन दुधावानी पाह्यजे. उतू जायच्या आत गॅस बंद!" मोठमोठ्या नेत्यांच्या सभा मी ऐकल्या आहेत, पण हे शहाणपण एकाकडेही दिसलं नाही.

त्यांची मागणी एकच होती. आठवड्यातून एक सुट्टी, आणि तीही रविवारी. आमच्या सोसायटीत चर्चा सुरू झाली आणि चांगली चांगली माणसं बिथरली. मीसुद्धा मनातल्या मनात रविवारची भांडी मोजली. तरी अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी झोकात सुरुवात केली, "सविनय विनंती की..."

"विनंती खोडा मॅडम. विनंती म्हनलं का मान खाली जाते. 'सांगाले आलो' लिहा."

मी लिहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात निर्मलाताई भर दुपारी चाळीस बाया घेऊन गेल्या. सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांनी कशाला यायचं? तुमची पुढारी कोण?" निर्मलाताई बाजूला सरकल्या. एकेक बाई पुढे येऊन नाव सांगू लागली. वच्छला तर म्हणाली, "पोरीची शाळा रविवारी बंद राह्यते, तवाच मी तुमा लोकायच्या घरी राह्यतो." शेवटी निर्मलाताई बोलल्या, "साहेब, तुमच्या रविवारचे तर्री-पोहे आमी करतो. आमच्या रविवारचे कोन करनार?"

सेक्रेटरी अर्ज उलटसुलट करू लागले. त्यांच्या पत्नीच स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरोबर बोलल्या त्या." झालं! रविवार मिळाला. बायांनी जिन्यात असा कल्ला केला की वरच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली.

पहिल्याच रविवारी मी ओट्याशी घाम गाळत होते, तोच बेल वाजली. दारात इस्त्रीची साडी नेसलेल्या निर्मलाताई.

"आज तर सुट्टी ना?" मी चकित.

"कामाले नाही आली. बसाले आली." त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. आठ वर्षांत माझ्या घरात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. चहा दिला, तर त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"सगळ्या आपापल्या घरी हायेत," त्या म्हणाल्या. "कोनाची पोरं, कोनाचा नवरा. आमचे हे गेले, पोरगी पुन्याले. सकाळपासून दोनदा घर झाडलं मॅडम. इतका मोठा असते काय हो रविवार?"

चाळीस जणींना बोलतं करणारी ही बाई घरी कोणाशी बोलत असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. माझीच मला लाज वाटली.

"पुढच्या रविवारी मी येते तुमच्याकडे," मी म्हटलं. "पण घर कुठंय?" आठ वर्षांनी विचारत होते.

"सक्करदऱ्याले, तलावाच्या मांगं. कोनालेही माझं नाव..." त्या थांबल्या. "नाही, विचारू नका. तिथं नावानं कोन ओळखते मले? मीच चौकात येतो घ्याले."

"अकरापर्यंत पोचते."

"या ना आरामात," त्या म्हणाल्या. "मी दहापासूनच उभी राह्यतो."