बेटावरील मुक्काम आणि फुटका शिक्का

श्री समुद्रदैवत साह्य. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वर नाम संवत्सरे, माघ मासीं, एका राज्यीं (नांव लिहावयाची आज्ञा नाही) दिवाण रुद्राजी प्रभू यांची स्वारी विश्रांतीस्तव बेटावर गेली, तें वर्तमान ऐसे जे :

राजा लहानपणीं पोरका जाहला, तेव्हांपासोन प्रभूंनीच त्यास वाढविले आणि राज्यही तेच चालवीत. मग राजा बावीस वर्षांचा जाहला आणि एके दिवशीं म्हणाला, "काका, फार शिणलांत. मित्रांसमवेत चार दिवस समुद्राची हवा घेऊन यावे." शब्द मायेचा, परंतु प्रभूंच्या मनीं आले, की आमची गरज सरली की काय. नाही म्हणवेना. मग राज्याचा शिक्का, ज्यावाचून एकही हुकूम चालत नसे, तो त्यांनी गुपचूप पिशवींत घालोन कमरेस बांधिला आणि गलबतावर चढले. मनीं म्हणाले, आतां आमची आठवण कशी येत नाही तें पाहू.

संगे दोघे बाळमित्र, आरमारांतील भिवजी नाईक आणि गडावरील हवालदार हैबतराव. बेट ऐसे, की माडांची दाट छाया, गोड पाण्याचा झरा, आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, तर पंजाएवढ्या. मित्र शहाळी पिऊन वाळूंत पसरले ते पसरलेच. प्रभूंच्या पायांस मात्र भिंगरी. घटकेंत वाळूच्या टेकाडावर चढत आणि मुलुखाकडे डोळे लावीत, मग खाली येत, पिशवी चाचपीत, आणि पुन्हा चढत. रोज वाटे, आज जासूद येईल आणि पाय धरील, की कारभार अडला, चलावे. जासूद येईना. सोंगट्यांचा डाव मांडिला तर प्रभू हैबतरावांच्याच सोंगट्या हालवू लागले, आणि हैबतराव भला माणूस, त्याने जिंकू दिले.

तिसरे दिवशीं भिवजीने चिंबोऱ्या भाजिल्या. त्यांच्या नांग्या, म्हणजे डेंगे, महाकठीण, कोयता घालावा तर गराचा चुरा होई, आणि बेटावर वाळूखेरीज दगड म्हणोन नाही. तेव्हां भिवजीने प्रभूंच्या कमरेचा फुगवटा पाहिला आणि तें जड काय आहे तें द्यावे म्हणाला. प्रभू पिशवी दोहों हातीं धरोन मागे सरले, आणि भिवजी काय तें समजला.

"प्रभू, कोंबडे झाकिले म्हणोन तांबडे फुटायचे राहते काय?"

प्रभू उपाशी उठले आणि टेकाडावर जाऊन बसले.

चौथे दिवशीं पुन्हा चिंबोऱ्यांचीच पंगत मांडिली होती, तोंच होडी लागली. जासुदाने वर्तमान सांगितले, की दोन गांवांत पाण्यावरोन लाठ्या निघाल्या, हुकूम काढावा तर शिक्का सापडेना, मग राजे खासा घोड्यावर बसोन गेले आणि तंटा मिटेतों बांधावरोन उठले नाहीत. आतां सर्व क्षेम, काकांनी आणखी चार दिवस सुखे राहावे.

प्रभूंनी विचारिले, "आमचे नांव निघाले काय?"

"निघाले, साहेब. राजे म्हणाले, काका असते तर आधी दोहींकडची म्हातारी माणसे बोलाविते. म्हणोन तसेच केले."

प्रभूंच्या डोळ्यांस पाणी आले, त्यांत अभिमान किती आणि दुःख किती, हें त्यांचे त्यांसही न कळे. मग त्यांनी पिशवी सोडिली, चिंबोरी पुढे ओढिली आणि डेंग्यावर शिक्का ऐसा हाणिला, की डेंगा फुटला आणि शिक्क्याचाही टवका उडाला. गर भिवजीच्या पानांत वाढिला, आणि त्या दिवशीं पहिल्याने पोटभर जेवले.

परत आलियावर राजांनी शिक्का हातीं घेतला, फुटक्या कोपऱ्यावरोन बोट फिरविले आणि कांहीं पुसिले नाही. नवा करविलाही नाही. तेव्हांपासोन त्या राज्यींच्या हुकुमांवर एक कोपरा कोरा उमटे, आणि रयत तो कोरा कोपरा पाहोनच हुकूम खरा मानी.

येणेंप्रमाणे बेटाचे वर्तमान. शिक्का फुटला, राज्य तगले, चिंबोरी उत्तम होती. लेखनसीमा.