सामंत सरांचं लाल सोनं

सामंत सर दारातच माणसाचा वास घेतात. आधी हात, मग मान, मग डोकं. एकदा वागळे इस्टेटमध्ये पोलिसांचं कुत्रं आलेलं, ते सरांना बघून लाजून परत गेलं, अशी आमच्याकडे वदंता आहे आणि ती मीच पसरवलेली आहे. पावडर, अत्तर, खोबरेल, काहीही नाकाला लागलं की सर गरजणार, "बाहेर! धुऊन या! आपल्या जगात केस म्हणजे शीळफाट्याएवढा रुंद रस्ता असतो, रस्ता!"

सर नॅनोटेक्नॉलॉजी शिकवतात. एका कारखान्याच्या वरच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी, इंजिनीअरिंगची पोरं आणि माझ्यासारखे नोकरीत मुरलेले इंजिनीअर एकाच बाकावर बसतात. मला रंगाच्या कंपनीनं धाडलंय. जन्मभर मी रंग पिंपानं मोजला. सरांनी आल्याआल्या सांगितलं, "पेंटवाले, पिंप विसरा." आणि काचेची भांडी धुवायला बसवलं. माझ्या हातांना साबणाचा वास येतो, म्हणून आमच्या हिला अजून वाटतं, मी कुठल्यातरी हॉटेलात लागलोय.

खोली कारखान्याच्या शेठची. त्याला तिथे पुठ्ठ्याचे खोके ठेवायचे होते. गेल्या शनिवारी त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "मास्तर, तुम्ही सोनं लाल करता म्हणे. उद्या माझ्या डोळ्यांसमोर करा. झालं तर क्लास ऱ्हायला. नाय झालं तर खोके आले."

सोनं लाल होतं ही थाप नव्हे. थापा हा माझा प्रांत. सोन्याचा क्षार पाण्यात उकळायचा, त्यात सायट्रेट ओतायचं. सोन्याचे इतके बारीक कण तयार होतात की पाणी आधी निळसर, मग जांभळं आणि शेवटी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. पण भांड्यात जराशी घाण असली तर कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळ्यावरच अडतो. आणि क्षार उरलेला एकाच खेपेपुरता.

रविवारी शेठ खुर्ची ओढून बसला. सरांनी सायट्रेट ओतलं. खोलीत अशी शांतता, की शेजारच्या पोराची मिशी वाढताना ऐकू येत होती.

पाणी निळसर झालं.

"हे लाल?" शेठ म्हणाला.

"थांबा. लाल निळ्यातूनच येतं."

आम्ही थांबलो. निळं गडद झालं. जांभळं व्हायचं नाव घेईना. तिसऱ्या वर्षाची स्नेहा भोईर, वर्गात सरांची सर्वांत जास्त बोलणी खाणारी पोरगी, डोळे मिटून पुटपुटत होती. सरांच्या कपाळावर घाम. तो आत पडू नये म्हणून ते मागे सरले, पुसून परत वाकले आणि तसेच राहिले. मीही वाकून बघितलं. भांड्याच्या काठावर, आतल्या बाजूनं, राखेचं एक बोट ओढलेलं, वाफेनं ओघळून पाण्यात उतरलेलं. अंगारा!

सरांनी स्नेहाकडे पाहिलं. मी कानांत बोटं घातली. आता छप्पर उडून थेट कळव्याला पडणार!

"शेठ," सर म्हणाले, "भांडं मी धुतलेलं. नीट धुतलं गेलं नाही. चूक माझी."

"अहो सर, तुम्ही आणि घाण भांडं..." मी म्हणालो.

"पेंटवाले, गप्प!"

पाणी काळं पडलं. शेठ उठला. "मग खोके येणार, मास्तर. वाईट वाटून घेऊ नका."

दार लागलं आणि स्नेहा हुंदके देत बोलली, "सर, मीच. टिटवाळ्याच्या गणपतीचा अंगारा. तुम्ही भांडं धुऊन ठेवल्यावर लावला. वाटलं, एवढासाच तर हाय."

"एवढासा!" सरांनी आवाज चढवला, पण तो मधेच बसला. "कशाला लावलास, पोरी?"

"तुमच्यासाठी मागितलं ना देवाकडे. सामंत सरांचा क्लास राहू दे म्हणून."

"नुसतं सामंत सर?"

"तुमचं नाव कुठे माहितेय सर कुणाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, कुणालाच माहीत नव्हतं.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मधुकर," ते हळूच म्हणाले. "परत कधी मागशील, तर मधुकर सांग. आई गेल्यापासून त्या नावानं कुणी काही मागितलेलं नाही. देवाला तरी कसं आठवणार?"